उन्हाचा पंचनामा कोण करणार?

मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम हे गाव विदर्भ-मराठवाड्यात सर्वपरिचित झाले ते शुकदास महाराजांनी उभारलेल्या विवेकानंद आश्रमामुळे. विवेकानंद जयंतीच्या उत्सवात तेथे लाखोंचा समुदाय लोटतो, मोकळ्या शेतात पंगती बसतात आणि ट्रॅक्टरमधून आणलेली पुरी-भाजी हजारो हात वाढत जातात. त्या दिवसांत आसपासच्या रानात गहू पोटरीतून ओंबीवर येत असतो आणि हरभऱ्याला फुले-घाटे धरू लागलेले असतात. उत्सव संपतो, माणसे आपापल्या गावी परततात. शेतातल्या पिकाची कसोटी मात्र त्यानंतर सुरू होते. फेब्रुवारी अर्ध्यावर आला की ऊन चढू लागते. पूर्वी होळीपर्यंत टिकणारी थंडी अलीकडे कित्येक वर्षी त्याआधीच पाय काढता घेते, आणि ज्या गव्हाची पुरी व्हायची तो दाणा ओंबीतच चिमतो.

या नुकसानीची वार्ता कोठेही छापून येत नाही. पूर आला की वाहून गेलेल्या बांधांची छायाचित्रे येतात, गारपीट झाली की मंत्री बांधावर येतात, तलाठी पंचनाम्याचे कागद घेऊन फिरतात. उन्हाने मारलेले पीक उभेच असते. दुरून पाहणाऱ्याला ते पिकलेलेही वाटते. मळणी होऊन पोती मोजली जातात तेव्हा एकरी दोन-तीन क्विंटल कोठे गेले याचा उलगडा होत नाही. शेतकरी नशिबाला बोल लावतो, सावकार वा बँक आपला हप्ता मागते, आणि शासनदरबारी त्या हंगामाची नोंद ‘सर्वसाधारण’ अशी होते. ज्या हानीला पुरावा नाही ती हानीच नाही, असे मानण्याची प्रशासनाची रीत जुनी आहे. वनस्पतिशास्त्राने हा पुरावा मात्र कधीच पुढे आणून ठेवला आहे. प्रश्न तो वाचण्याची इच्छा असण्याचा आहे.

वनस्पतीला पाय नाहीत, तिला सावलीत जाऊन बसता येत नाही. ती स्वतःला थंड राखते ते पाण्याच्या बळावर. मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी फार मोठा भाग पानांवरील सूक्ष्म पर्णरंध्रांतून वाफेच्या रूपाने बाहेर टाकला जातो आणि त्या बाष्पीभवनाने पान हवेपेक्षाही थंड राहू शकते. जमिनीतील ओल कमी पडली की पाणी वाचविण्यासाठी ही रंध्रे मिटतात. मग पान तापते. रंध्रे मिटल्यामुळे अन्न तयार करण्यास लागणारा कर्बवायूही आत येईनासा होतो. तापमान वाढले की पानातील जे विकर कर्बवायू पकडते तेच अधिकाधिक प्राणवायू पकडू लागते आणि झाडाने कमावलेली शक्ती वाया जाते. दिवसा कमाई घटते. रात्र उष्ण असेल तर श्वसनाचा वेग वाढून साठविलेले अन्नही अधिक खर्ची पडते. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००४ साली दाखवून दिले की, कोरड्या हंगामात रात्रीचे किमान तापमान एका अंशाने वाढले तर भाताचे उत्पन्न सुमारे १० टक्क्यांनी घटते. तोट्यातील संसाराचेच हे गणित आहे. मिळकत कमी, खर्च अधिक, आणि शिल्लक दाण्यात उतरायची ती उतरत नाही.

याहून नाजूक गोष्ट फुलाची. झाडाचा खोड-पानांचा भाग जे ऊन सोसतो ते त्याचे परागकण सोसू शकत नाहीत. हरभरा फुलावर असताना पारा ३५ अंशांपलीकडे गेला की पराग निर्जीव होऊ लागतात आणि फुले घाटे न धरताच गळतात. सोयाबीनमध्ये फुले आणि कोवळ्या शेंगा, कपाशीत पाते आणि लहान बोंडे अशाच प्रकारे झडतात. गव्हाचे दुखणे आणखी वेगळे आहे. ओंबीत दूध भरण्याच्या काळात उष्णता वाढली की पीक घाईने पक्व होते. दाणा भरण्याचे दिवसच कमी होतात, पिष्ट साठविण्याची क्रिया मंदावते आणि दाणा हलका राहतो. गहू संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, सरासरी तापमानात एका अंशाची वाढ झाली तर जगाच्या गहू उत्पादनात सुमारे ६ टक्के घट संभवते.

देशाने हे एकदा ढळढळीत अनुभवले आहे. २०२२चा मार्च हा १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत उष्ण मार्च ठरला. केंद्र शासनाने आरंभी ११ कोटी १३ लाख टन गव्हाचा अंदाज वर्तविला होता, तो पुढे १० कोटी ६४ लाख टनांवर आणावा लागला आणि १३ मे २०२२ रोजी गव्हाच्या निर्यातीवर बंदी घालण्यात आली. ध्यानात घेण्याची बाब अशी की, हे नुकसान मुख्यतः पंजाब-हरियाणाच्या ओलिताखालील शेतांत झाले. तेथे विहिरी, कालवे आणि वीज होती. दुष्काळ नव्हता. ऊन मात्र होते. शहरातील ग्राहकाच्या पिठाचा भाव सांभाळण्यासाठी उन्हाची दखल एका रात्रीत घेतली गेली. गहू पिकविणाऱ्याच्या पदरात मात्र ना वाढता भाव पडला, ना भरपाई.

उष्णता सर्वस्वी शत्रू आहे असेही मानण्याचे कारण नाही, आणि हे शेतकऱ्याइतके कोणी जाणत नाही. खोल नांगरट करून काळी जमीन वैशाखात तापू देणे ही जुनी रीत आहे. त्या तापण्याने किडींचे कोष आणि हरळीसारख्या तणांची मुळे मरतात. संत्र्याचा मृग बहार येतो तोच मुळी उन्हाळ्यात झाडाला पाणी तोडून ताण दिल्यावर. म्हणजे ऋतूने आपली वेळ पाळली तर त्याच उन्हातून पीक उभे राहते. बिघाड होतो तो वेळ चुकल्याने. मे महिन्यातील ४२ अंश शेताला मानवतात आणि फेब्रुवारी अखेरचे ३६ अंश हरभऱ्याचा घास घेतात. म्हणून ‘विदर्भात ऊन नवे काय?’ हा अधिकाऱ्यांच्या तोंडी नेहमी असणारा प्रश्न अज्ञानमूलक आहे. प्रश्न किती अंशांचा नाही, पिकाच्या कोणत्या अवस्थेत किती अंश, याचा आहे.

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग लोकव्यवहारात पडलेले आहेत. मलकापूर, नांदुरा, शेगाव हा घाटाखालचा सखल मुलूख पहिल्यापासून तापट. मेहकर, चिखली, बुलढाणा हा घाटावरचा भाग त्या मानाने सौम्य. घाटावरचा शेतकरी या सौम्यतेच्या भरवशावर रब्बी करतो. त्याची पीकरचनाही गेल्या काही दशकांत पालटली. ज्वारी आणि मिश्र पिके मागे पडून खरिपात सोयाबीन आणि त्यावर हरभरा वा गहू अशी घडी बसली. या घडीत वेळेची ओढाताण फार. सोयाबीन काढणीच्या वेळी पाऊस लांबला की रब्बीची पेरणी लांबते, आणि पेरणी जितकी लांबते तितके दाणा भरण्याचे दिवस उन्हात ढकलले जातात. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने उशिराच्या पेरणीसाठी ए. के. ए. डब्ल्यू. ४६२७ सारखे गव्हाचे वाण दिले, तर हरभऱ्यात उष्णता सोसणारे जे. जी. १४ सारखे वाण देशात उपलब्ध आहेत. ही कामगिरी लहान नाही. परंतु वाण वेळ विकत घेऊ शकत नाही.

वेळ कोणापाशी असतो? ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे तो सोयाबीन निघताच चार दिवसांत रान तयार करतो. ज्याला मळणीयंत्रासाठी भाड्याची पाळी धरावी लागते, बियाण्यासाठी सोयाबीन विकून हाती पैसा येण्याची वाट पाहावी लागते, त्याची पेरणी दोन-तीन आठवडे मागे पडते. तेच दोन-तीन आठवडे त्याला मार्चमध्ये नडतात. फेब्रुवारीअखेर एक हलके पाणी दिले तर गव्हाच्या शेतातील उष्मा काहीसा उतरतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण विहिरीला तेव्हा पाणी असावे लागते, वीज वेळेवर असावी लागते, आणि कोराडी वा पेनटाकळीसारख्या प्रकल्पांच्या पाण्याची पाळी पिकाच्या गरजेशी जुळावी लागते. ऊन सर्वांवर सारखेच पडते, हे विधान भौतिकशास्त्रात खरे असेल. गावात ते खरे नाही. सधन शेतकऱ्याचे पीक उन्हाआधी घरी येते आणि अल्पभूधारकाचे पीक उन्हात सापडते. जो ठोक्याने वा बटाईने जमीन करतो त्याच्या नावावर तर सातबाराही नसतो. त्याचे नुकसान झाले तरी ते कागदावर दुसऱ्याचेच असते.

या हिशेबात सर्वांत शेवटी येतो तो मजूर. कापूस वेचणाऱ्या बाईला मजुरी मिळते ती किलोवर. पाते आणि बोंडे उन्हाने गळली की तिच्या ओटीत कापूस कमी पडतो आणि तितकीच तिची मजुरी बुडते. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार या तालुक्यांत शेडनेटमध्ये टोमॅटो, मिरचीसारख्या भाजीपाल्याचे संकरित बीजोत्पादन फोफावले आहे. तेथे स्त्री-मजूर एकेका फुलातील पुंकेसर काढून हाताने परागीकरण करतात. हा धंदा सर्वस्वी परागकणांच्या जिवावर उभा आहे आणि पराग तर उन्हाला सर्वांत आधी बळी पडतो. बियाणे धरले नाही, उगवणीच्या वा शुद्धतेच्या कसोटीस उतरले नाही, तर ते स्वीकारले जात नाही. जाळी, मजुरी, खते यांवर झालेला खर्च उत्पादकाच्या अंगावर राहतो आणि पुढच्या हंगामात मजुरांचे दिवस कमी होतात. फुलाला पोळणारे ऊन त्या जाळीखाली दिवसभर ओणव्याने काम करणाऱ्या बाईलाही पोळते, याची तर कोठेच नोंद नाही.

आता शासनाची वही उघडून पाहावी. २०२१ ते २०२६ या पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात आपत्ती प्रतिसाद निधीतून साहाय्य देण्यासाठी केंद्राने मान्य केलेल्या आपत्तींच्या यादीत चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड कोसळणे, हिमस्खलन, ढगफुटी, कीड आणि थंडीची लाट अशा १२ बाबी होत्या. थंडीने करपलेले पीक या यादीत बसत होते, उष्णतेने करपलेले बसत नव्हते. उत्तरेतील राज्यांना थंडीच्या कडाक्याचे साहाय्य मिळाले यात वावगे काही नाही, ते मिळालेच पाहिजे. परंतु पीक कोणत्या बाजूने मेले यावर त्याच्या मालकाचा हक्क ठरावा, याला न्याय म्हणता येत नाही. दुष्काळाच्या निकषातही उन्हाला वाट मिळत नाही, कारण तेथे मुख्य मोजमाप पावसाचे आहे. पाऊस सरासरीइतका झाला आणि मार्चने हरभरा जाळला, तर तो दुष्काळ नव्हे. वस्तुतः निधीच्या १० टक्के मर्यादेत स्थानिक आपत्ती ठरविण्याची मुभा राज्यांना होती. महाराष्ट्राने तिचा उपयोग करून अवेळी पाऊस, वीज कोसळणे यांसारख्या आपत्तींना साहाय्य दिले. पिकांवरील उष्णतेसाठीही तो मार्ग बंद नव्हता. म्हणून सगळा दोष दिल्लीवर ढकलून मुंबईला मोकळे होता येणार नाही.

यावर उत्तर दिले जाते की, पीकविमा उत्पन्नावर आधारलेला आहे, ऊन असो वा पाऊस, उत्पन्न घटले की भरपाई मिळतेच. हे उत्तर तपासून पाहण्याजोगे आहे. प्रधानमंत्री पीकविमा योजनेत मागील सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीवरून उंबरठा उत्पन्न ठरते आणि महाराष्ट्रात त्याला ७० टक्के जोखीमस्तर लावण्यात आला. समजा, एखाद्या महसूल मंडळात हरभऱ्याची सरासरी एकरी १० क्विंटल आहे. मग उंबरठा ७ क्विंटलांचा. उन्हाने उत्पन्न ८ क्विंटलांवर आले तर शेतकऱ्याचे दोन क्विंटल गेले, पण विम्याच्या लेखी काहीच गेले नाही. वादळ वा पूर एका तडाख्यात सर्व काही नेतो, म्हणून तो उंबरठा ओलांडतो. ऊन दरवर्षी दहा-वीस टक्के नेते आणि उंबरठ्याच्या अलीकडेच थांबते. अशी चार वर्षे गेली की सरासरीच खाली येते, आणि सरासरीबरोबर उंबरठाही. म्हणजे सातत्याने नुकसान सोसणाऱ्याचा हक्क त्या नुकसानीमुळेच आक्रसत जातो. २०२३च्या खरिपात गाजावाजा करून आणलेली एक रुपयातील विमा योजना २०२५मध्ये गुंडाळली गेली, हंगामातील प्रतिकूल परिस्थिती आणि स्थानिक आपत्ती हे आधार त्या वर्षी गळाले आणि सारी भिस्त पीक कापणी प्रयोगावर आली. तेव्हा हा दोष अधिकच उघडा पडला.

उष्णतेचे मोजमाप करणे अवघड आहे, ही सबबही टिकणारी नाही. फळबागांसाठी असलेल्या हवामानाधारित विमा योजनेत आंबिया बहाराच्या संत्र्याला जादा तापमानाचा धोका मान्य करण्यात आला आहे. ठरावीक काळात सलग काही दिवस पारा ठरावीक अंशांवर राहिला की भरपाई देय होते. ती पुरेशी असते की नाही, वेळेवर मिळते की नाही, हे वाद वेगळे. पण संग्रामपूर, जळगाव जामोदच्या संत्र्याला जे तत्त्व लागू पडते ते मेहकरच्या हरभऱ्याला आणि गव्हाला का लागू पडू नये? संत्र्याच्या फुलाला ऊन लागते आणि हरभऱ्याच्या फुलाला लागत नाही, असे तर कोणत्याही विद्यापीठाने म्हटलेले नाही. महावेध योजनेखाली राज्यातील दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. ती तापमानही मोजतात. त्या आकड्यांचा उपयोग कंपन्यांना होतो, ज्याच्या शेतातील हवा मोजली जाते त्याला ते आकडे कळतही नाहीत.

तेव्हा मागण्या स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. पिकांवरील उष्णतेच्या लाटेला आपत्ती म्हणून मान्यता मिळावी आणि तिचे निकष पिकाच्या अवस्थेप्रमाणे ठरावेत. हरभऱ्याचा फुलोरा, गव्हाची दूध भरण्याची अवस्था, सोयाबीनच्या शेंगा धरण्याचा काळ यांसाठी वेगवेगळे अंश कृषी विद्यापीठांनी जाहीर करावेत. उत्पन्नाच्या विम्याला तापमानाच्या निकषाची जोड द्यावी आणि जोखीमस्तर वाढवावा. मंडळातील हवामान केंद्राच्या रोजच्या नोंदी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावाव्यात, म्हणजे शेतकऱ्याच्या हाती पुरावा राहील. प्रकल्पांच्या पाण्याच्या पाळ्या आणि शेतीची वीज फेब्रुवारी-मार्चमधील या कसोटीच्या दिवसांशी बांधावी. बटाईदाराची नोंद व्हावी, आणि पीक बुडाल्याने ज्याचे कामाचे दिवस बुडतात त्या मजुराला सार्वजनिक कामाचा हक्क त्याच हंगामात मिळावा.

हे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी महाराष्ट्राचाच इतिहास आठवावा. १९७२च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला उभी राहिली, आणि त्या अनुभवातून व लोकांच्या रेट्यातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली संमत झाला. १९९० पासून त्याच हमीशी फळबाग लागवडीची सांगड घातली गेली आणि कोरडवाहू रानांत झाडे उभी राहिली. उपाशी माणसाला काम मागण्याचा हक्क आहे, ही गोष्टही तोवर कोणत्याच यादीत नव्हती. ती यादीत आली कारण लोकांनी ती आणली. आज बांधावर सावली देणारी झाडे लावणे, पालापाचोळ्याचे आच्छादन करून काळ्या जमिनीची ओल राखणे, शेततळी आणि नाले दुरुस्त करणे ही सर्व कामे शेताचा ताप उतरविणारी आहेत आणि हातांना मजुरी देणारीही आहेत. वैयक्तिक शेतकऱ्याला ती परवडत नाहीत. सार्वजनिक कामे म्हणून ती सहज होऊ शकतात.

हिवरा आश्रमच्या पंगतीत कोणी कोणाची जात विचारत नाही, शेत किती एकर हेही विचारत नाही. ताटातील पुरी सर्वांची सारखी असते. त्या पुरीचा गहू पिकविणाऱ्यांचा तोटा मात्र ज्याचा त्याने एकट्याने सोसावा, अशी आजची व्यवस्था आहे. येत्या मार्चमध्ये घाटावरची ओंबी पुन्हा एकदा उन्हाला सामोरी जाईल. त्या वेळी तलाठ्याच्या पिशवीत उन्हासाठीही पंचनाम्याचा एक कागद असला पाहिजे. तो कागद मागण्याचे काम पंगतीला एकत्र बसणाऱ्या गावांनी एकत्र येऊनच करावे लागेल.